स्वीडनचा थोर बचावपटू कोण: साल्मिंग की लिडस्ट्रॉम?

धागाकर्ता:
आइस हॉकीतील स्वीडनचा सर्वश्रेष्ठ बचावपटू म्हटले की निकलास लिडस्ट्रॉमचे नाव घेतले जाते आणि चर्चा तिथेच संपते. माझ्या मते तो मान बोर्ये साल्मिंगचा आहे. किरुनाच्या खाणपट्ट्यात वाढलेला आणि पाच वर्षांचा असताना खाणीतील अपघातात वडील गमावलेला हा मुलगा १९७३ मध्ये टोरंटोला गेला, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये स्वीडिश खेळाडूला जवळपास वाटच नव्हती. त्याआधी १९६५ मध्ये उल्फ स्टर्नर न्यूयॉर्ककडून अवघे चार सामने खेळून परतला होता. युरोपीय खेळाडू धडकांना घाबरतात असा तिथे ठाम समज होता आणि साल्मिंगला ‘भेकड स्वीडिश’ म्हणून डिवचले जाई. जाणूनबुजून मारलेल्या धक्क्यांनी आणि काठीच्या फटक्यांनी त्याची परीक्षा पाहिली गेली, तरी तो समोरून येणारा पक (खेळातील रबरी चकती) अडवण्यासाठी बर्फावर अंग झोकून देत राहिला. १९८६ मध्ये स्केटचे पाते लागून त्याच्या चेहऱ्यावर दोनशेहून अधिक टाके पडले, पण त्यानंतरही तो खेळला. टोरंटोसाठी त्याने १६ हंगाम काढले आणि गोलसाठी ६२० साहाय्ये केली. ज्याच्यामुळे पुढच्यांसाठी दार उघडले, त्याला दुसरे स्थान देणे मला पटत नाही.

प्रतिसाद १:
साल्मिंगविषयीचा आपला आदर मलाही मान्य आहे, पण वाट पाडणे आणि सर्वश्रेष्ठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करीत आहात. लीगचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, त्या १९८९ च्या निवडीत डेट्रॉइटने लिडस्ट्रॉमला तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर घेतले, म्हणजे त्याच्याकडूनही कोणी फार मोठी अपेक्षा केलेली नव्हती. त्यानंतर तो एकाच संघाकडून २० हंगाम आणि १५६४ सामने खेळला, आणि त्या प्रत्येक हंगामात डेट्रॉइट बाद फेरीत पोहोचले. लीगच्या विजेतेपदाचे चार स्टॅनले चषक आणि सर्वोत्तम बचावपटूसाठीचे सात नॉरिस पुरस्कार त्याच्या नावावर आहेत. २००२ मध्ये बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवणारा तो पहिला युरोपीय ठरला. मला मात्र या यादीपेक्षा त्याची खेळण्याची रीत मोठी वाटते. प्रतिस्पर्धी वेगाने अंगावर आला की लिडस्ट्रॉम त्याला धडकत नसे. तो आपले अंतर राखून मागे सरके, समोरच्याला कडेच्या फळीकडे वळायला भाग पाडी आणि मग काठीच्या टोकाने पक अलगद काढून घेई. म्हणूनच इतक्या सामन्यांत मिळून त्याच्या वाट्याला शिक्षेची, म्हणजे नियमभंगाबद्दल बाहेर बसण्याची, केवळ ५१४ मिनिटे आली. ज्या खेळात बचाव म्हणजे आडदांडपणा असे मानले जाई, त्यात बचाव हे बुद्धीचे काम आहे हे त्याने दाखवून दिले.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी असहमत आहे. चषक संघ जिंकतो. लिडस्ट्रॉमसोबत आयझरमन आणि फेडोरोव्ह यांच्यासारखे मोठे आघाडीपटू होते, आणि पहिल्या तिन्ही चषकांच्या वेळी प्रशिक्षक स्कॉटी बोमन होते. साल्मिंगच्या क्लबने मात्र १९७९ च्या डिसेंबरात लॅनी मॅकडोनाल्डसारखा आघाडीपटू दुसऱ्या संघाला देऊन टाकला. तरीही १९७५ ते १९८० या सलग सहा वर्षांत साल्मिंगची निवड लीगच्या वार्षिक सर्वोत्तम संघांत झाली. दोघांनी संघ बदलले असते तर आज ही तुलना कशी दिसली असती, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद १:
तसा विचार करायचा, तर २००८ चा चषक पाहावा. तोपर्यंत आयझरमन निवृत्त झाला होता, फेडोरोव्ह संघात नव्हता, बोमनही प्रशिक्षक राहिले नव्हते आणि कर्णधार होता लिडस्ट्रॉम. युरोपात घडलेल्या कर्णधाराने तो चषक उचलण्याची ती पहिलीच वेळ होती. २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये तर डेट्रॉइटचा प्रश्नच येत नाही. तिथे फिनलंडविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना अंतिम सामन्याच्या तिसऱ्या भागाच्या अगदी आरंभी स्वीडनचा निर्णायक गोल याच बचावपटूने केला. शेवटचा नॉरिस पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याने वयाची ४१ वर्षे पूर्ण केली होती.

धागाकर्ता:
तोरिनोच्या गोलापुढे मी निरुत्तर आहे. खेळातील नेमकेपणाच्या बाबतीतही लिडस्ट्रॉम सरस होता, हे मान्य करतो. मात्र लिडस्ट्रॉमनेच साल्मिंगला आपला आदर्श मानले होते, आणि १९९१ मध्ये तो डेट्रॉइटला पोहोचला तेव्हा स्वीडिश खेळाडूच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे दिवस बहुतांशी सरले होते. ती शंका १६ हंगाम स्वतःच्या अंगावर झेलून साल्मिंगने पुसली होती, आणि चेतापेशींच्या असाध्य आजाराने वाचा हिरावलेला साल्मिंग नोव्हेंबर २०२२ मध्ये शेवटचा टोरंटोला आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ त्या संघाने सामन्याच्या आरंभी बर्फावर उतरवलेले सहाही खेळाडू स्वीडिश होते.