प्रोस्टेटसाठी लघवीची गोळी चालू असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सकाळी गेलं की दुपारी घरी, काळजीचं कारण नाही, असं म्हणतात ते खरंच आहे. पण चालू औषधांचा मुद्दा कुणी काढत नाही, म्हणून लिहितोय. आमच्या अण्णांचं ऑपरेशन सांगलीत झालं. फॉर्मवर आम्ही बीपीची आणि शुगरची गोळी लिहून मोकळे झालो. प्रोस्टेटच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असंच वाटलं. डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि टॅमसुलोसिनची, म्हणजे त्याच प्रोस्टेटच्या गोळीची, पट्टी उचलून बाजूला ठेवली. या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो, ऑपरेशन चालू असताना फडफडतो आणि बाहुली मध्येच आकसू शकते. २००५ मध्ये डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. आधी कळलं तर ते तयारी ठेवतात. मनाने गोळी बंद करू नका, बंद केली तरी परिणाम राहतोच, आणि लघवी तुंबली तर वेगळंच दुखणं. पूर्वी घेत होता नि आता सोडलीय, तरीही सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही तसंच, विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

घरी येताना मोटरसायकल नको. तासगावपर्यंतची धूळ सोसत नाही, आम्ही शेजाऱ्यांची गाडी सांगून ठेवली होती. ऑपरेशननंतर डोळ्यात औषधाचे दोन वेगवेगळे थेंब लागोपाठ घालू नका, पहिला वाहून जातो. मध्ये पाच मिनिटं सोडा. आई मोबाईलवर गजर लावून बसायची.