टेनेसीच्या महिला बास्केटबॉल संघाला पैसा आधी मिळाला की विजेतेपद?

प्रश्न (गंगापूर रोड): मी नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या महिला संघात खेळते आणि वार्षिकांकासाठी अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या संघावर लेख लिहीत आहे. आमच्याकडे सिमेंटच्या कोर्टवर सराव संपला की जर्सी जिची तिने घरी धुवायची आणि बाहेरगावच्या स्पर्धेला निघताना एसटीचे भाडे आधी स्वतःच भरायचे, असा शिरस्ता आहे. आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या त्या संघाला सुरुवातीपासूनच पैसा मिळत होता का?

जुना पिव्होट: मुळीच नाही. १९७४ मध्ये पॅट समिट प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्या अवघ्या २२ वर्षांच्या होत्या आणि त्यांना महिन्याला २५० डॉलर मिळत. खेळाडूंचे गणवेश त्या स्वतः धूत आणि सामन्यांना जाताना संघाची व्हॅनही स्वतःच चालवत. पहिलाच सामना संघाने मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८४-८३ असा एका गुणाने गमावला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८७ मध्ये, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनी मिळाले. अंतिम सामन्यात लुइझियाना टेकला ६७-४४ असे नमवले होते. (बचाव म्हणजे काय, हे त्या ४४ गुणांत दिसते.)

कोर्टाबाहेरचा: वरील उत्तर योग्य असले, तरी त्यातून सारे श्रेय एकट्या प्रशिक्षकांच्या जिद्दीला जाते, ते मला पटत नाही. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ मध्ये झाला आणि त्याच्या रेट्यामुळेच विद्यापीठांना मुलींच्या खेळासाठी हळूहळू हात सैल सोडावा लागला. एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची महिलांची स्पर्धासुद्धा १९८२ मध्ये सुरू झाली. लेखात हे आले नाही, तर कपडे धुण्याचा प्रसंग नुसताच गोड वाटेल.

जुना पिव्होट: मान्य आहे. मात्र कायदा सर्वांनाच लागू होता आणि १०९८ विजय एकाच बाईंच्या नावावर आहेत, हेही लिहावे. आणखी एक सूचना: त्यांचे लग्न १९८० मध्ये झाले, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी 'पॅट हेड' या नावाने शोधाव्यात.

गंगापूर रोड: आपणा दोघांचे आभार. लेखाची सुरुवात ८४-८३ पासून करते. कायद्याचा परिच्छेदही घालते. आमच्या क्रीडा विभागाने तो वाचावा, एवढा स्वार्थ त्यात आहेच.