लग्नाला माणसं हवीत: एजन्सी घ्यावी की ओळखीचा मुकादम?

टिळकवाडीकर
तुळशीचं लग्न झालं की बेळगावातल्या कार्यालयांच्या तारखा संपतात आणि मग माणसांची शोधाशोध सुरू होते. वाढपी, पाणी फिरवणारी पोरं, भांडी घासायला बायका, दारात अत्तर-गुलाबपाणी घेऊन उभ्या राहणाऱ्या मुली, गाड्या लावून घेणारे. त्यात डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की हॉटेलची खोली आणि भाड्याची गाडी मिळतानाही नाकी नऊ येतात.

माझं मत असं, की तीनशे पानांच्या वरचं कार्य असेल तर माणसं एजन्सीकडूनच घ्यावीत, आणि ती दरावरून निवडू नये. माणशी दर सगळ्यांचा उन्नीस-बीस असतो. फरक कळतो तो अक्षता पडल्यावर, सगळे एकदम जेवणाकडं वळतात तेव्हा. ठरवण्याआधी मी दोनच गोष्टी विचारतो. त्या दिवशी तुमचा कोण माणूस शेवटची पंगत उठेपर्यंत उभा राहील, त्याचं नाव सांगा. आणि सकाळी दहा पोरं आली नाहीत तर काय करणार? ‘तसं होत नाही हो आमच्याकडं’ असं उत्तर आलं की चहा संपवून उठावं. बाकी जीएसटीची पावती हवी, आणि किती माणसं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जेवण आणि ने-आण कुणाकडं, हे एका कागदावर हवं.

मुकादमाची बाजू घेणाऱ्यांनी बोलावं.

अनगोळचा आचारी
बोलतो की. एजन्सी म्हणजे काय? एक फोन, एक कार्ड आणि दुसऱ्याच्या लग्नातले फोटो. ऑर्डर घेतली की तो आमच्याच मुकादमाला फोन लावणार. पोरं तीच, वडगाव-शहापूरची नाहीतर खेड्यातनं वडापच्या जीपनं येणारी. मधल्यामध्ये कमिशन तेवढं वाढलं. मुकादमाला मात्र प्रत्येक पोराचं घर माहीत असतं. एखादा आला नाही तर तो त्याच्या भावाला उठवून आणतो. तुमचा सुपरवायझर आणेल काय?

आणि पावतीचं म्हणाल तर, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असली तर सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्तीच नाही. पावती नाही म्हणून माणूस चोर होत नाही. उलट माणसं पुरवण्याच्या पावतीवर १८ टक्के कर लागतो, आणि घरच्या लग्नात तो तुम्हाला परत कोण देणार?

निपाणीची सून
कराचा मुद्दा पटला. पण मुकादमाला पोराचं घर माहीत असतं तसं वयही माहीत असतं ना? पाण्याचे जग घेऊन फिरणारी सातवी-आठवीतली पोरं मी कितीतरी लग्नांत बघितलीत. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला लावणं कायद्यानं बंद आहे. धाड पडली तर मुकादम मागच्या दारानं जाईल, कार्यालयात यजमान सापडेल. एजन्सीकडं आधार कार्डाची प्रत तरी मागता येते.

आमच्याकडचा पेच वेगळाच आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. साहजिकच माणसं कोल्हापूरची येतात. कामाला चटपटीत, पण मुलाकडचे चिकोडी-गोकाककडचे असले आणि त्यांनी कन्नडात ताक मागितलं की पोरगं नुसतं बघत राहतं. मी आता आधीच सांगते, निम्मी माणसं तरी दोन्ही बोलणारी पाठवा.

उद्यमबाग
निपाणीच्या ताईंना एक जोडतो, कारण सीमेवर हे हमखास चुकतं. वाढपी कुठलेही चालतात. बाउन्सर आणि सुरक्षारक्षक चालत नाहीत. खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदा २००५ चा आहे, आणि त्याचा परवाना राज्यापुरता असतो. महाराष्ट्राचा परवाना दाखवून कोल्हापूरच्या एजन्सीला निपाणीत माणसं उभी करता येत नाहीत, कर्नाटकाचा वेगळा लागतो. विनापरवाना धंद्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रक्षकाला प्रशिक्षणही ठरलेलं आहे, शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष. काळा टी-शर्ट घालून तालमीतला पोरगा उभा केला म्हणजे झालं, असं नाही. परवाना एजन्सीच्या ऑफिसात लावून ठेवायचा असतो, जाऊन बघा. आणि एजन्सीची जीएसटी नोंदणी कुठल्या राज्यातली ते तिच्या जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांत दिसतं: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र.

रविवारचा वाढपी
मी कॉलेजात शिकतो आणि सुट्टीत वाढायला जातो, म्हणून ताटाच्या पलीकडून सांगतो. तुम्ही सगळे कागद, परवाना, दर बोलताय. आम्ही पोरं एजन्सी एकाच गोष्टीवर ओळखतो. रात्री हात धुतल्यावर पैसे हातात पडतात का? काही जण ‘पार्टीकडनं आले की देतो’ म्हणून महिनोन्‌महिने लटकवतात. अशा माणसाचा फोन आला की आम्ही हो म्हणतो, आणि त्याच दिवशी दुसऱ्याचा आला तर तिकडं जातो. तुमच्या लग्नातली ‘न आलेली दहा पोरं’ ती हीच. एजन्सी तपासायची तर तिच्या मालकाला नका विचारू. तिचं काम चालू असलेल्या कार्यालयात मागच्या बाजूला जा आणि पोरांना विचारा.

अनगोळचा आचारी
शाब्बास. ह्यालाच मी मुकादम म्हणतो, रोख देणारा.

माणसं पुरवणारा
मी हाच धंदा करतो, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. पैसे लटकतात ते का, हेही ऐका. यजमान चाळीस माणसं सांगतो आणि शेवटी म्हणतो, तीसच दिसली. मोजणार कोण? आता मी सकाळी मुलीच्या मामाला नाहीतर काकाला बरोबर घेऊन हजेरी घेतो आणि सही करून घेतो. दुसरं, दुपारी चारपर्यंत ठरलेलं काम वरातीपायी रात्री दहावर जातं. जादा तासांचं बोललं की ‘घरचंच कार्य समजा’. तुम्ही निम्मे पैसे आधी आणि उरलेले त्याच संध्याकाळी दिलेत, तर मीही पोरांना त्याच रात्री देतो. पदरचे घालून देणारा मुकादमही एका सीझनच्या पलीकडं टिकलेला मी बघितला नाही.

टिळकवाडीकर
हजेरीवर सही आवडली, माझ्या कागदात घालतो. घरच्या लग्नाला पावतीचा आग्रह सोडायलाही तयार आहे, कंपनीच्या कार्यक्रमाला नाही. पण एजन्सीचं म्हणणं सोडत नाही. आचारीबुवा, तुमचा मुकादम चांगलाच आहे, पण एका मुहूर्ताला त्याच्याकडं चार कार्यं असतात. तो उभा राहणार एकाच ठिकाणी. ते ठिकाण माझंच असेल हे मला कोण लिहून देणार?

अनगोळचा आचारी
लिहून नाही, शब्द देतो. आणि शब्द मोडला तर पुढच्या वर्षी गल्लीत त्याला कोण विचारत नाही. बरं, तुमच्या त्या कागदात भांडी घासणाऱ्या बायकांना रात्री घरी सोडायची गाडी आहे काय? कुणाच्याच कागदात नसते.

टिळकवाडीकर
नव्हती. घालतो. यजमानानं द्यायची.

माणसं पुरवणारा
यजमानानंच. आम्ही ती दरात धरली की तुम्हीच म्हणता, हा महाग आहे.