प्राणिसंग्रहालयातील छोटी माकडे: पिंजरा चांगला की वाईट, हे पाहणाऱ्याने कसे ओळखावे?

आडवाट (प्रश्न)

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि मुलीला प्राण्यांचे वेड असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या प्राणिसंग्रहालयात जाणे होतेच. गेल्या महिन्यात एका लहानशा खासगी संग्रहालयात आम्ही कॉटन-टॉप टॅमरिन पाहिले. डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा असलेली, ओंजळीत मावतील एवढी ही माकडे. काचेमागे एक खोली, तिच्यात चार गुळगुळीत दांडे, एक दोरी आणि मागच्या भिंतीवर रंगवलेले जंगल. त्यांतले एक माकड दांड्यावरून दोरीवर, दोरीवरून जाळीवर आणि पुन्हा दांड्यावर असे फिरत होते आणि जाळीच्या एका ठरावीक चौकटीपाशी आले की प्रत्येक वेळी मान मागे टाकत होते. आम्ही वीस मिनिटे तिथे उभे होतो, पण ना त्याची वाट बदलली, ना मान टाकण्याची जागा. मुलीने विचारले, “आई, याला उडी मारायची असेल तर कुठे मारायची?” मला उत्तर देता आले नाही.

प्राणी लहान म्हणून खोली लहान असली तरी चालते का? काच कशासाठी लावतात? आणि आमच्यासारख्या सामान्य माणसाने नेमके काय पाहिले म्हणजे तिथल्या प्राण्यांची नीट काळजी घेतली जाते की नाही, हे कळेल? जाणकारांनी कृपया सांगावे.

पिंपळपान

तुम्ही वर्णन केलेले फिरणे चांगले लक्षण नाही. एकच हालचाल, त्याच क्रमाने, कारण नसताना पुन्हा पुन्हा होत असेल तर त्या प्राण्याला करण्यासारखे काही उरलेले नाही, किंवा पूर्वी कधीतरी नव्हते, असा तिचा अर्थ होतो. ‘पूर्वी’ हा शब्द मुद्दाम लिहितो आहे, कारण वाईट जागेत जडलेली सवय चांगल्या जागेत आल्यावरही लवकर सुटत नाही. म्हणून एका भेटीवरून निवाडा करू नये.

मी नेदरलँड्समध्ये काही वर्षे सुट्टीच्या दिवशी एका संग्रहालयात स्वयंसेवक होतो आणि माझा बराच वेळ मार्मोसेटांचे, म्हणजे टॅमरिनच्या जवळच्या नात्यातल्या छोट्या माकडांचे, खाणे तयार करण्यात जाई. त्या अनुभवावरून सांगतो, की आकाराचा हिशेब जमिनीच्या चौरस फुटांत करू नका, वर पाहा. ही झाडावर राहणारी माकडे असल्यामुळे भीती वाटली की ती वर पळतात. त्यांची सर्वांत उंच बसण्याची जागा जर आपल्या डोळ्यांच्या खाली असेल, तर दिवसभर त्यांच्या डोक्यावर कोणीतरी वाकलेले असते आणि ती निर्धास्त अशी कधीच होत नाहीत.

दुसरे म्हणजे लाकूड पाहा. मार्मोसेटांचे खालचे पुढचे दात पटाशीसारखे असतात. त्या दातांनी ती झाडाच्या सालीला भोके पाडतात आणि पाझरणारा चीक व डिंक चाटतात. खोडाला बिलगून राहता यावे म्हणून त्यांच्या बोटांना सपाट नखांऐवजी अणकुचीदार नख्या असतात. जगातले सर्वांत लहान माकड, म्हणजे पिग्मी मार्मोसेट, जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचे असते आणि त्याचा बराचसा दिवस याच कामात जातो. आम्ही ओंडक्याला गिरमिटाने भोके पाडून त्यांत बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक पाण्यात कालवून भरत असू. आई ज्या डिंकाचे लाडू करायची त्याचाच हा भाऊबंद, त्यामुळे पहिल्या दिवशी त्या वासाने मला घर आठवले होते. वाटीतले फळ दोन मिनिटांत संपते, तोच डिंक भोकांतून काढायला तासभर लागतो, आणि तो तासच त्या प्राण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. तेव्हा पिंजऱ्यात असा पोखरलेला, चिकट झालेला ओंडका दिसला तर तिथे कोणीतरी विचार करणारे माणूस आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट. पिंजऱ्याला वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात, परंतु ही माकडे स्वतःच्या वासाने जागा आखून ठेवतात. सगळे एकाच दिवशी धुऊन काढले तर त्यांचे घरच पुसले जाते. म्हणून आम्ही एका वेळी पिंजऱ्याचा काही भागच धूत असू.

कवडसा

काचेबद्दल लिहिते. माणसाच्या ओठांवर पाणीदार फोड आणणारा हर्पिसचा विषाणू आपल्याला फारसा त्रास देत नाही, पण मार्मोसेटांना तो बहुधा जीवघेणा ठरतो. त्यामुळे काच ही केवळ आपल्या सोयीसाठी नसून त्यांच्या संरक्षणासाठीही असते.

मात्र साध्या काचेतून उन्हातले अतिनील-ब किरण जवळजवळ आत येतच नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या या माकडांना, याच किरणांमुळे कातडीत तयार होणाऱ्या ड-३ जीवनसत्त्वाची गरज मोठी असते आणि ते मिळाले नाही तर त्यांची हाडे मऊ पडून वाकतात. म्हणून आहारातून ते पुरेसे द्यावे लागते आणि त्याच्या जोडीला उघड्यावर जाण्याची सोय किंवा खास दिवे असावे लागतात. पुढच्या वेळी खोलीच्या मागच्या भिंतीत बाहेरच्या जाळीकडे जाणारे छोटे दार आहे का, आणि मुख्य म्हणजे ते उघडे आहे का, एवढे पाहा. आत राहायचे, बाहेर जायचे की लोकांच्या नजरेआड बसायचे, हे माकडाला ठरवता आले पाहिजे. माकडे दिसली नाहीत म्हणून पैसे वाया गेले असे म्हणणारे पाहुणे मी खूप पाहिले आहेत, आणि दरवेळी वाईट वाटते.

रानवाट

मुलीचा उडीचा प्रश्न फार नेमका आहे. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलात राहणारा गोल्डन लायन टॅमरिन १९७० च्या दशकात काही शेकड्यांवर आला होता. तेव्हा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील डेव्हरा क्लायमन यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या संग्रहालयांनी त्यांची पैदास एकत्रितपणे सांभाळली आणि १९८४ पासून संग्रहालयात जन्मलेली माकडे रिओ द जानेरो राज्यातल्या जंगलात सोडायला सुरुवात झाली.

सुरुवातीला त्यांतली पुष्कळ दगावली. पक्क्या बसवलेल्या दांड्यांवर वाढल्यामुळे पायाखाली वाकणाऱ्या, हलणाऱ्या फांदीवर त्यांना तोल सांभाळता येत नव्हता, वाट सापडत नव्हती आणि वाटीबाहेरचे अन्न शोधता येत नव्हते. जंगलात जन्मलेली त्यांची पिल्ले मात्र हे सहज शिकली. पुढे वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने टॅमरिनांची काही कुटुंबे उन्हाळ्यात पिंजऱ्याशिवाय आवारातल्या झाडांवरच ठेवायला सुरुवात केली. झोपायला एक पेटी टांगलेली असे आणि ती त्या पेटीच्या आसपासच राहत. २०२३ च्या गणनेत जंगलातली संख्या सुमारे ४,८०० भरली. मधल्या काळात पीतज्वराच्या साथीने मोठा घाला घातला होता, तरीही. त्यामुळे मी पिंजऱ्यापाशी गेलो की आधी फांदी पाहतो. माकडाने उडी मारल्यावर ती हलते का? हलत नसेल तर ते फर्निचर झाले, झाड नव्हे.

माळरान

रानवाट यांचे उदाहरण खरे आहे, पण ते सगळ्या छोट्या माकडांना लागू करू नये असे मला वाटते. साधा मार्मोसेट (इंग्रजीत ‘कॉमन मार्मोसेट’ म्हणतात ती जात) ब्राझीलच्या ईशान्य भागात दुर्मीळ नाही. उलट माणसांनी त्याला आग्नेय भागात नेऊन सोडल्यामुळे तिथल्या मूळच्या मार्मोसेट जातींशी त्याचा संकर होतो आहे. मग तो युरोपातल्या काचेमागे का? काही ठिकाणी याचे उत्तर असे असते, की तो कुणीतरी घरी पाळला होता, पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवला होता आणि तिथून सोडवून आणला. घरात माकड पाळायला परवाना बंधनकारक करणारा नियम इंग्लंडमध्ये २०२४ मध्ये मंजूर झाला, तो याच अनुभवातून. फलकावर ही हकिगत लिहिलेली असावी, असा आग्रह पाहुण्यांनी धरायला हवा.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही मुद्दाम त्याच ठिकाणी सकाळी उघडताच गेलो. मागच्या भिंतीत छोटे दार आहे, पण ते बंद होते. तिथल्या ताईंनी सांगितले की बाहेरची जाळी वादळात फाटल्यापासून दुरुस्तीच्या प्रतीक्षेत आहे. त्यांनी पेंढ्याच्या खोक्यात जिवंत अळ्या टाकल्या, तेव्हा ते फिरणारे माकड थांबले, खोक्याच्या काठावर बसले आणि दोन्ही हातांनी पेंढा बाजूला करून एकेक अळी शोधू लागले. मुलीने घड्याळ लावले होते: चौदा मिनिटे. मग अळ्या संपल्या आणि ते पुन्हा दांड्यावर गेले.

जाळी कधी दुरुस्त होणार आणि तोपर्यंत ताज्या फांद्या व डिंकाचा ओंडका देता येईल का, असे पत्र मी व्यवस्थापनाला लिहिले आहे. मुलीने त्यासोबत वाकलेल्या फांदीचे चित्र जोडले आहे. उत्तर आले की इथेच कळवते.