ऑफिस स्टाफचं ट्रेनिंग: हेड ऑफिसचं एकच मॉड्युल सगळ्यांना पुरतं का?

महापे_परचेस
काल इथे एका ट्रेनिंगवाल्याने लिहिलं की मल्टिनॅशनल इंजिनिअरिंग कंपनीतल्या ऑफिस स्टाफला काही शिकायचंच नसतं, तेव्हा हेड ऑफिसचं तयार मॉड्युल सगळ्यांना द्या, शेवटी टेस्ट लावा, ८० टक्के पडले की सर्टिफिकेट. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितोय. परचेसमध्ये सतरा वर्षं काढली, आधी वागळे इस्टेट, आता महापे. आमचं हेड ऑफिस जर्मनीत. तिकडून आलेल्या मॉड्युलमध्ये ऑफर कशी वाचायची, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर कशी काढायची सगळं आहे, पण तिकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात हे कुठेच नाही, कारण बनवणाऱ्याला ते सांगायची गोष्ट वाटलीच नसणार. आमच्याकडच्या नवीन मुलीने ऑफरमध्ये केबल २.५०० मीटर वाचलं आणि एसएपीत, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, अडीच मीटर टाकलं. हवी होती अडीच हजार. टेस्टमध्ये तिला ९५ होते! व्हेंडरने फोन करून विचारलं म्हणून निभावलं, पण मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी तिने खाल्ली.
मॉड्युल बनवायच्या आधी दोन दिवस त्या माणसाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसा. कुठे अडतो, कोणाला फोन लावतो, स्वतःची कुठली एक्सेल जपून ठेवलीय ते बघा, मग काय शिकवायचं ते आपोआप कळेल.

ट्रेनर_ठाणेकर
पोस्ट माझीच. 'शिकायचंच नसतं' हे रागात लिहिलं गेलं, पण राग कुठून आला तेही ऐका. ९०० माणसं, तीन लोकेशन आणि टीममध्ये आम्ही दोघं. कोणाकोणाच्या टेबलाशी बसू? गेल्या वर्षी परचेस-स्टोअर्ससाठी स्वतः तीन महिने खपून क्लासरूम सेशन बनवलं, इथलीच उदाहरणं घेऊन. ४० जणांची नावं होती, ११ आले, त्यातले चौघे लॅपटॉप उघडून मेल करत होते. आणि ऑडिटर आला की रेकॉर्ड मागतो, तेव्हा तुमची खुर्ची दाखवू का त्याला?

क्यूए_रबाळे
ऑडिटरचं नाव पुढे करू नका. क्वालिटीचं स्टँडर्ड आयएसओ ९००१:२०१५, त्याचा ७.२ क्लॉज नीट वाचा, त्यात कॉम्पिटन्सचा, म्हणजे माणसाला काम जमतं ह्याचा, पुरावा ठेवा असं आहे आणि जे केलं त्याचा उपयोग झाला का तेही तपासा असं आहे. नुसत्या हजेरीच्या सह्या म्हणजे कॉम्पिटन्स नाही. सेशन संपल्यावर फॉर्म भरून घेता, हॉल कसा होता, जेवण कसं होतं, ट्रेनर कसा वाटला. ट्रेनिंगचा उपयोग मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या आहेत, त्यातली ती पहिली. तिसरी म्हणजे माणूस कामात काही वेगळं करायला लागला का, तिथपर्यंत कोणी जातच नाही.

अकाउंट्स_वाशी
आमचंही तेच. ग्लोबल मॉड्युल म्हणतं व्हेंडर पेमेंट ९० दिवस, विषय संपला. इथे सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५, आणि इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) कलम आल्यापासून उशीर झाला तर तो खर्च ज्या वर्षी पैसे देऊ त्याच वर्षी धरला जातो. मार्चमध्ये आमची जी पळापळ झाली ती कोणाच्याच मॉड्युलमध्ये नव्हती.

बदलापूर_ते_ऐरोली
ट्रेनर साहेब, ४० पैकी ११ का आले ते सांगू? शनिवार होता ना? आमच्याकडे शनिवारी सुट्टी असते आणि ट्रेनिंग मुद्दाम शनिवारीच. बदलापूरहून ठाण्याला उतरायचं, पूल चढून ट्रान्स हार्बर पकडायची, मग ऐरोली. घरी मुलगी चार वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखतात. कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, विचारला तर म्हणे हे तर तुमच्याच विकासासाठी आहे.

घणसोली_१९
बदलापूरला राहायला कंपनीने सांगितलं होतं का? प्रत्येक विषयात लोकलचं रडगाणं.

बदलापूर_ते_ऐरोली
ऐरोलीत वन बीएचकेचं भाडं किती ते विचारा आणि मग बोला. मी रडत नाहीये, माझ्या सुट्टीचा हिशोब मागतेय.

क्यूए_रबाळे
घणसोली, हे बोलणं बरोबर नाही. कळवा-ऐरोली रेल्वे लिंक पूर्ण झाली असती तर कल्याणपासून पुढच्या सगळ्यांचं ठाण्याला उतरणं वाचलं असतं. दिघा गाव स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, पण ती लिंक अजून लटकलीय.

घणसोली_१९
लिंकचं इथे काय काम? विषय ट्रेनिंगचा आहे. मीही शनिवारी जातो, तक्रार करत नाही.

अकाउंट्स_वाशी
तुम्ही दहा मिनिटांत पोचता म्हणून. शनिवारी फुकट बोलवायचं आणि मग स्टाफला इंटरेस्ट नाही म्हणायचं, ह्याचीच मला जास्त चीड येते. कामाचं शिकवताय ना, मग कामाच्या वेळेत शिकवा.

महापे_परचेस
मी शनिवारचा मुद्दा लिहायलाच विसरलो होतो, ताईंचं अगदी खरं आहे. आमची ती केबलवाली मुलगीही शनिवारीच टेस्ट देऊन आली होती, डोंबिवलीहून.

ट्रेनर_ठाणेकर
बरं. शनिवार होता, हो. वीकडेला मॅनेजर माणसं सोडत नाहीत, चार वेळा मेल टाकून झालेत, म्हणून शनिवार. पॉश (ऑफिसमधल्या लैंगिक छळाविरुद्धचं ट्रेनिंग), डेटा सिक्युरिटी हे सगळ्यांना सारखंच राहणार, त्यात मी हलणार नाही. पण परचेसचं मॉड्युल परत उघडतो, टिंब-स्वल्पविरामाची ऑफर आणि ४५ दिवसांचं, दोन्ही घालतो. आणि महापे, पुढच्या आठवड्यात दोन दिवस नाही जमणार, एक सकाळ येऊन बसेन. शनिवार माझ्या हातात नाही.

बदलापूर_ते_ऐरोली
मग कोणाच्या हातात आहे ते सांगा, त्यांना लिहिते.