मदत हवी आहे: शाळेच्या ग्रंथपालाला (आणि शिक्षकांना) खरंच उपयोगी पडेल असं तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण कुठे मिळेल?

रजिस्टरवाली

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी ग्रंथपाल आहे. बी.लिब. आणि एमएससीआयटी दोन्ही झालंय. यंदा संस्थेने दोन फर्मानं काढलीत. पहिलं, ग्रंथालय 'डिजिटल' करा. दुसरं, प्रत्येकाने तंत्रज्ञानाचं एखादं प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र फाइलला लावा.

शिक्षकांचं एक बरं आहे, त्यांच्या ग्रुपवर रोज कुठली ना कुठली लिंक येऊन पडते. ग्रंथपालाचं काय करायचं हे लिंक पाठवणाऱ्यांनाही माहीत नसतं. हजेरीपत्रकावर मी शिक्षकेतर, ऑफ तासाला वर्गावर पाठवताना मात्र शिक्षक!

आता आमची परिस्थिती. पुस्तकं साधारण साडेसात हजार. दाखल नोंदवहीचे तीन जाडजूड खंड आहेत. पहिल्या खंडात शाईच्या पेनाने सुरेख अक्षरात नोंदी आहेत, पण लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या रकान्यात पानंच्या पानं '—॥—' ('वरीलप्रमाणेच') अशी खूण आहे. माझ्या आधीच्या सरांनी दोनेक हजार पुस्तकं एक्सेलमध्ये चढवली होती. त्यांनी कुठला तरी जुना मराठी फॉन्ट वापरलाय, त्यामुळे माझ्या संगणकावर फाइल उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. संगणक एकच, विंडोजचा, ४ जीबी रॅम. नेट कधी असतं, कधी नसतं. एका विक्रेत्याने सॉफ्टवेअरचं दरपत्रक दिलंय, पण त्यात दरवर्षीचं नूतनीकरण शुल्क आहे आणि मुख्याध्यापक त्याला तयार नाहीत.

त्यात शाळेत नवा स्मार्ट बोर्ड आलाय. 'संगणकाचं म्हणजे लायब्ररीचं' या न्यायाने तो अडला की मलाच हाक मारतात.

तर मला विचारायचंय की यातलं नेमकं काय शिकू? कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरबद्दल ऐकून आहे, तो शाळेला झेपेल का? मराठीत शिकवणारं काही आहे का? आणि शिक्षकांनाही चालेल असं काही सुचलं तर तेही सांगा, म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये दोघं-तिघं तरी सोबतीला येतील. प्रमाणपत्र हवंय हे खरं, पण कागदापुरतं नको.

---

निवृत्त_ग्रंथपाल

ताई, कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोहा उत्तम आहे. न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने तो बनवून घेतला आणि २००० साली वापरात आणला. तेव्हापासून मुक्त स्रोत आहे, परवाना शुल्क नाही. पण तो लिनक्सवर चालतो, डेबियन किंवा उबंटू. विंडोजच्या आत आभासी यंत्र (संगणकातच दुसरा संगणक) करून बसवता येतो, पण ४ जीबीत तुमचं मशीन रडेल. शिवाय बॅकअप कोण घेणार, बिघडलं तर कोण बघणार, हा खर्च दरपत्रकात दिसत नाही.

दुसरा पर्याय एनआयसीचं (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राचं) ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर. ते सरकारी ग्रंथालयांसाठी आहे आणि नवी आवृत्ती क्लाउडवर चालते, म्हणजे तुमच्याकडे सर्व्हर लागत नाही. खासगी संस्थेच्या अनुदानित शाळेला देतात का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एनआयसी कक्षात जाऊन विचारा. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीचं न्या, नाहीतर परत पाठवतील. सोल हे इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या संस्थेचं सॉफ्टवेअर कॉलेज-विद्यापीठांसाठी आहे, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

खरं सांगू का, आत्ता सॉफ्टवेअर शिकूच नका. आधी तक्ता (एक्सेलसारखा) शिका. स्वच्छ तक्ता असेल तर उद्या कोहात जा, ई-ग्रंथालयात जा नाहीतर विक्रेत्याकडे जा, माल तोच राहतो. तक्ता घाण असेल तर सगळीकडे घाणच जाते.

ती '—॥—' खूण एकही ठेवू नका. वहीत वरची ओळ हलत नाही म्हणून ती चालते. संगणकावर नावाप्रमाणे क्रम लावलात की खूण एकीकडे आणि नाव दुसरीकडे. प्रत्येक ओळीत लेखक पूर्ण लिहायचा. आणि एकाच पद्धतीने लिहायचा. कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकर, हे तुम्हाला माहीत आहे, यंत्राला नाही. कवितासंग्रह एका नावाखाली आणि नाटक दुसऱ्या नावाखाली गेलं की पोरगं शोधताना अर्ध्यालाच मुकतं. म्हणून एक वेगळं पान करून त्यात 'हे नाव वापरायचं, ही नावं वापरायची नाहीत' अशी यादी ठेवा.

दाखल क्रमांक आणि आयएसबीएन (पुस्तकावरचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) हे दोन्ही रकाने टायपिंग सुरू करायच्या आधीच 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर ०००४५ चं ४५ होतं आणि १३ आकडी आयएसबीएनचं ९.७८E+१२ असं काहीतरी दिसायला लागतं. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, तिथे रकाना रिकामा ठेवा, 'नाही' असं लिहू नका.

---

झेडपी_मास्तर

वरच्या सरांना दंडवत. मी प्रशिक्षणाच्या बाजूने लिहितो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षक-मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं प्रशिक्षण सांगितलंय. लिंकांचा पाऊस पडतोय तो त्यातूनच. दीक्षा हे शालेय शिक्षणाचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. निष्ठा हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालं आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून दीक्षावर ऑनलाइन आलं. दीक्षावर खातं कुणालाही काढता येतं, तुम्हालाही. मात्र तो कोर्स तुमच्या सेवेच्या नोंदीत धरतील का, हे डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर उपयोगाचं नाही.

आता खरी गोष्ट. त्यातले बरेच कोर्स लोक व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडता निवडता पूर्ण करतात. प्रमाणपत्र येतं, हात तिथेच राहतो. त्यामानाने मला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल फार आवडले. छोटे छोटे धडे आहेत आणि पद्धत अशी की अर्ध्या पडद्यावर धडा चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात आपण तेच करत जायचं. लिबरऑफिस कॅल्कचे (एक्सेलसारख्या मोफत सॉफ्टवेअरचे) धडे मराठीतही आहेत. कोहाची मालिकाही आहे तिथे. नेट नसेल तर धडे उतरवून ठेवता येतात, तुमच्याकडे हे कामाला येईल.

स्मार्ट बोर्डासाठी एनसीईआरटीच्या सीआयईटी या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेचे वेबिनार बघा, यूट्यूबवर पडलेले असतात. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचीही शिक्षकांसाठी मोफत शिकवणी आहे. गूगलच्या शिक्षक-प्रमाणपत्राच्या लेव्हल एक परीक्षेला डॉलरमध्ये फी पडते, शिकायला नाही. तेव्हा शिकून घ्या, परीक्षेचं नंतर बघू.

एक विनंती, बोर्ड सुरू करणं हे तुमचं काम करून घेऊ नका. एकदा केलंत की कायमचं गळ्यात पडतं. त्यापेक्षा दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास ग्रंथालयात बसायचं, ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला दाखवायचं. आमच्या केंद्रात असंच चालतं आणि बाई सरांना शिकवतात तेव्हा मजाही येते.

---

टायपिंग_नको_रे_बाबा

साडेसात हजार नोंदी बोटांनी? फोनवर गूगलचा कीबोर्ड घ्या, मराठी भाषा निवडा, माइक दाबा आणि गूगल शीट्समध्ये बोलत सुटा. पुस्तकांची नावं छान उमटतात. प्रकाशक आणि आडनावं मात्र तपासावी लागतात. संगणकावर बसायचं असेल तर विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आयता असतो, जुन्या फॉन्टचं नावही काढू नका.

सगळी पुस्तकं ग्रुपवर पीडीएफ करून टाकली तर मात्र एका दिवसात डिजिटल लायब्ररी! :)

---

निवृत्त_ग्रंथपाल

शेवटचं वाक्य गमतीत असेल अशी आशा आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. शाळेच्या नावाने असं काही फिरवलंत तर निस्तरायला ग्रंथपालच पुढे उभा राहतो.

कायदेशीर मराठी साहित्य फुकट भरपूर आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात आणि 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर तर मुक्त परवान्यावर आहे. त्यातली गोष्ट छापा, वाचून दाखवा, मुलांकडून मराठीत भाषांतर करून घ्या, सगळं चालतं. आयआयटी खरगपूरच्या नॅशनल डिजिटल लायब्ररीवरही मुलांची खाती काढता येतात. संस्थेला 'डिजिटल' दाखवायचंच असेल तर आधी हे दाखवा.

---

मांडवीकाठची

गोव्यातून लिहितेय. थोडं विषयाला सोडून आहे, तरी सांगते. पणजीत बुकवर्म म्हणून संस्था आहे, त्यांचा ग्रंथालय शिक्षकांसाठी कोर्स आहे. टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमातूनही असा कोर्स चालतो. इंग्रजी-हिंदीतून आहेत, मराठीतला मला माहीत नाही. त्यात संगणक फारसा नाही. मूल पुस्तकापर्यंत कसं येतं, गोष्ट कशी सांगायची, संग्रह कसा निवडायचा, असं सगळं आहे. तुमची यादी चढवून झाली आणि वाचायला कुणी आलंच नाही, तर काय उपयोग?

---

एडिसनची_वहिनी

न्यू जर्सीत शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून काम करते. इथे शाळेच्या ग्रंथपालासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि शिक्षकांना डेटाबेस, माहितीची पारख वगैरे शिकवणं हा तिच्या कामाचाच भाग धरतात. त्यामुळे रजिस्टरवाली ताई, 'संगणकाचं म्हणजे लायब्ररीचं' याचा राग मानू नका, फक्त ते वेळापत्रकात लिहून मागा. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेच्या वेबजंक्शन संकेतस्थळावर ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी मोफत कोर्स आणि वेबिनार आहेत. खातं कुठल्याही देशातून काढता येतं आणि रेकॉर्डिंग असल्यामुळे रात्री जागायची गरज नाही. इंग्रजी आहे, पण सोपं आहे.

---

रजिस्टरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी बघायचं ठरलं, यंदा तक्ता. एनआयसीला द्यायच्या पत्राचा मसुदा मी केलाय. गणिताचे सर आणि हिंदीच्या मॅडम कॅल्कच्या धड्यांना सोबत बसायला तयार आहेत. शनिवारचा अर्धा तास मात्र 'बघू' वर अडकलाय.

जुन्या फॉन्टच्या फाइलचं काय करू, हे कुणी सांगितलं नाही. आणि पहिली काही पानं चढवलीत, त्यातल्या दोन ओळी तपासून द्याल का? रकाने असे आहेत: दाखल क्रमांक, दाखल तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, वर्गांक, शेरा.

००१२ | १५/६/६४ | शिरवाडकर, वि. वा. | … | … | १९६१ | ११२ | रु. ३.५० फक्त | ८९१.४६२ | जीर्ण
००१३ | —॥— | …

---

निवृत्त_ग्रंथपाल

००१३ मध्ये तारखेच्या रकान्यात ती खूण पुन्हा आलीय बघा. :)

तारीख १९६४-०६-१५ अशी लिहा, वर्ष आधी. नुसतं ६४ पुढे कुणाला २०६४ वाटेल. किमतीत फक्त ३.५० ठेवा, 'रु.' आणि 'फक्त' काढा, नाहीतर बेरीज होणार नाही आणि लेखापरीक्षणाच्या वेळी तुम्हाला तीच लागते. वर्गांक ड्यूई डेसिमल या विषयवार वर्गीकरणानुसार ८९१.४६२ म्हणजे मराठी नाटक, बरोबर आहे. 'जीर्ण', 'गहाळ', 'निर्लेखित' (नोंदीतून रीतसर कमी केलेलं) अशांसाठी 'स्थिती' असा वेगळा रकाना करा आणि त्यात ठरलेलेच शब्द येऊ द्या. शेरा मोकळा ठेवा. आणि 'कपाट क्रमांक' राहिलाय.

जुन्या फॉन्टचं असं आहे की आधी तो फॉन्ट कुठला ते शोधा. एक्सेलमध्ये त्या घरावर (सेलवर) क्लिक केलंत की वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं. त्या नावाचा युनिकोड परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर सगळीकडे दिसणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन) नेटवर शोधा. एकदम दोन हजार नोंदी टाकू नका, आधी वीस टाकून बघा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्या' हमखास मोडतात. ते कुठे मोडतात हे कळलं की शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एका फटक्यात दुरुस्त होतं. फाइल जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्या. नुसतं सीएसव्ही घेतलंत तर सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. मूळ फाइल हातही न लावता पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा.

फॉन्टचं नाव इथे टाका, मग पुढचं बघू.