सौर पंपावर ठिबक नीट चालत नाही, काय करू?

मोसंबीवाला, जालना
तीन एकर मोसंबी, ३३० झाडं. प्रत्येक झाडाला ताशी ८ लिटरचे चार ड्रीपर. गेल्या वर्षापर्यंत थ्री-फेज लाइट रात्रीच यायची, एक वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जायचो. वाटेत दोनदा साप आडवा गेला. आता सरकारी योजनेत १० टक्के हिस्सा भरून ५ एचपीचा सौर पंप बसवलाय, दिवसा पाणी देतोय, घरचे निर्धास्त झोपतात. पण सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर शेवटच्या ओळींचे ड्रीपर टपकतच नाहीत. शेजारी म्हणतो, ठिबक काढ, पाटानं सोड, ऊन फुकटच आहे. विहीर सात परस खोल, उन्हाळ्यात तळ दिसतो. मला हे पटत नाही. तुम्ही कसं करता?

डाळिंबवाला, सांगोला
दादा, ठिबक अजिबात काढू नका. ऊन कमी झालं की पंपाचा कंट्रोलर मोटरचे फेरे कमी करतो. फेरे ८० टक्क्यांवर आले की दाब मात्र ६४ टक्क्यांवर येतो, म्हणून लांबच्या ओळी आधी मरतात. ठिबकला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो. तिन्ही एकर एकदम चालवू नका, एकरी एक व्हॉल्व्ह बसवा. सकाळी एकच उघडा, अकरा ते तीन या वेळात दोन, मग परत एक. फिल्टरच्या अलीकडचा-पलीकडचा दाबाचा गेज बघा, अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक असेल तर जाळी धुवा. माझा निम्मा त्रास तिथंच होता. पॅनेलवरची धूळ पहाटे पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

जुना शेतकरी, नगर
सांगोल्याच्या भावानं बरोबर सांगितलं. माझं म्हणणं शेजाऱ्याच्या सल्ल्याबद्दल आहे. लाइट आठ तास होती तेव्हा उपशाला आपोआप लगाम होता. आता सूर्य असेपर्यंत पंप सुरू. आमच्याजवळच्या हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती झाला त्यावर पीक ठरतं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पंपाला अनुदान देताना सरकारनं ठिबकची अट घालायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या शिवारातल्या विहिरींना पाझर एकच असेल. शेजाऱ्यालाही समजावा, बाळा.

मोसंबीवाला, जालना
काका, दादा, तिन्ही व्हॉल्व्ह बसले. शेवटच्या ड्रीपरखाली बाटली धरून मोजलं, सकाळी साडेआठला पंधरा मिनिटांत पावणेदोन लिटर. आधी अर्धा लिटरही येत नव्हतं. जाळी शेवाळानं गच्च होती. विहिरीत दोरी सोडून दर रविवारी पातळी वहीत लिहितोय. शेजारी परवा ती वही बघायला आला होता, त्याच्या विहिरीतही दोरी सोडून आलो.